जुन्या संगणकासाठी लाइव्ह डिस्क कशी निवडावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साधारण २००३ ते २०१२ या काळात घेतलेल्या पीसी आणि लॅपटॉपसाठी हे पान आहे. पेंटियम ४, ड्युअल कोअर, कोअर २ ड्युओ, अ‍ॅटमची छोटी नेटबुकं हे सगळे त्यात आले. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि कोअर २ ड्युओवर आजचं विंडोज ११ चालतच नाही, कारण २४एच२ या आवृत्तीपासून लागणाऱ्या एसएसई ४.२ सूचना त्या प्रोसेसरमध्ये नाहीत. ही मशीन भंगारात घालण्याआधी लाइव्ह डिस्क, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट चालणाऱ्या लिनक्सची (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टिमची) सीडी, डीव्हीडी किंवा पेनड्राइव्ह, लावून बघायला एक संध्याकाळ पुरते.

लाइव्ह डिस्क लावली तर हार्ड डिस्कवरचं काही पुसलं जाईल का?

नाही. अख्खी सिस्टिम सीडी, डीव्हीडी किंवा पेनड्राइव्हवरून उचलली जाते आणि रॅममध्ये चालते. तुम्ही स्वतः इन्स्टॉलर उघडून पार्टिशन निवडत नाही किंवा हार्ड डिस्क उघडून फायली हलवत नाही, तोवर तिला हात लागत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: पपी लिनक्स बंद करताना ‘सेशन सेव्ह करायचं का’ असं विचारतं. तिथे हो म्हणून हार्ड डिस्क निवडली तर तिच्यावर एक सेव्ह फाइल तयार होते. बाकीचं जसंच्या तसं राहतं, पण न वाचता एंटर दाबत जाऊ नका. डिस्कवर लग्नाचे फोटो किंवा दुकानाचे हिशेब असतील आणि दुसरी प्रत नसेल, तर पहिल्या चाचणीपुरती हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. लाइव्ह सिस्टिमला ती लागत नाही.

निवडण्याआधी काय काय तपासायचं?

तीन गोष्टी: प्रोसेसर ३२ बिटचा आहे की ६४ बिटचा, रॅम किती आहे, आणि मशीन कशावरून बूट होऊ शकतं. ‘सगळ्यात हलकं लिनक्स कोणतं’ हा प्रश्न आधी विचारला जातो, पण या तीन उत्तरांशिवाय त्याला अर्थ नाही. ग्राफिक्स कार्ड, वाय-फाय वगैरे नंतर. ते लाइव्ह चालवूनच कळतं, आणि लाइव्ह डिस्कचा खरा फायदा तोच आहे.

रॅम पाहायला बायोसचं (मशीन चालू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगच्या मेनूचं) पहिलं पान पुरे. लॅपटॉप बंदच पडलेला असेल तर खालचं झाकण उघडून रॅमवरचं लेबल वाचा. २०००च्या दशकाच्या मध्यावरच्या मशीनमध्ये बहुधा डीडीआर किंवा डीडीआर२ निघते.

३२ की ६४ बिट, हे विंडोज चालू न करता कसं ओळखायचं?

प्रोसेसरच्या नावावरून. कोअर २ ड्युओ, कोअर २ क्वाड आणि त्यानंतरचे सगळे कोअर आय प्रोसेसर ६४ बिट. एएमडी अ‍ॅथलॉन ६४ नावाप्रमाणेच ६४ बिट. नुसता ‘कोअर ड्युओ’, मधला २ नसलेला, ३२ बिट. पेंटियम एम ३२ बिट. नेटबुकमधला अ‍ॅटम एन२७० ३२ बिट, तर एन४५० ६४ बिट. पेंटियम ४ मध्ये दोन्ही प्रकार सापडतात, त्यामुळे तिथे अंदाज करू नका.

मशीनवर आधीपासून ३२ बिट विंडोज असलं म्हणजे प्रोसेसरही ३२ बिटच, हा गैरसमज फार पसरलेला आहे. १ किंवा २ जीबी रॅम असलेल्या असंख्य कोअर २ ड्युओ मशीनवर दुकानदारांनी ३२ बिट विंडोज ७ टाकून दिलं होतं. शंका असेल तर सरळ ६४ बिट डिस्क लावा. चुकीची असेल तर सुरुवातीलाच ‘या कर्नलला ६४ बिट प्रोसेसर हवा’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा) येऊन मशीन थांबतं. नुकसान काही होत नाही.

जिथे ६४ बिट चालतं तिथे ६४ बिटच घ्या, रॅम २ जीबी असली तरी. कारण ३२ बिटचा रस्ता झपाट्याने अरुंद होतोय. उबुंटू या लोकप्रिय लिनक्सने ३२ बिट डेस्कटॉप डिस्क २०१७ मध्येच बंद केली, क्रोमने ३२ बिट लिनक्सची आवृत्ती २०१६ मध्ये थांबवली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला (डेबियन म्हणजे अनेक लिनक्स सिस्टिमचा पाया) ३२ बिटचा इन्स्टॉलरही नाही, कर्नलही नाही. फायरफॉक्सने १४४ नंतर ३२ बिट लिनक्स सोडलं. १४० ईएसआर ही दीर्घकाळ आधाराची शाखा तेवढी सप्टेंबर २०२६ पर्यंत सांभाळण्याचं त्यांनी सांगितलं आहे. डेबियन १२ चा दीर्घकालीन आधार जून २०२८ पर्यंत आहे. ३२ बिट मशीनवर आज काही बसवायचं तर पाया डेबियन १२ चा असावा.

मग आमच्या मशीनला नेमकी कोणती डिस्क?

रॅम ४ जीबी आणि प्रोसेसर ६४ बिट: एमएक्स लिनक्स, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपसह. विंडोज ७ वापरणाऱ्याला स्टार्ट मेनू, टास्कबार, फाइल मॅनेजर सगळं ओळखीच्या जागी सापडतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना द्यायचं मशीन असेल तर हीच निवड.

२ जीबी: अँटिक्स २३, ६४ बिट, फुल आवृत्ती. डेबियन १२ वर आधारलेलं, सिस्टिमडी या सेवा-व्यवस्थापकाशिवाय चालणारं, आणि पूर्ण डेस्कटॉपऐवजी आइसडब्ल्यूएमसारखा साधा विंडो मॅनेजर (फक्त खिडक्या सांभाळणारा प्रोग्रॅम) वापरणारं. चालू झाल्यावर इतकी कमी रॅम खातं की उरलेली जवळपास सगळी ब्राउझरला मिळते. दिसायला ते रुक्ष आहे, मेनूंची गर्दी आहे, पण या वर्गातल्या मशीनसाठी आमची पहिली शिफारस हीच. लाइव्ह वापराची साधनं (सेव्ह करणं, पेनड्राइव्ह बनवणं, चालू सिस्टिमची नवी आयएसओ, म्हणजे डिस्कची एकसंध फाइल, काढणं) त्यात फार विचार करून बसवली आहेत. लाइव्ह सिस्टिममध्ये पासवर्ड विचारला तर नेहमीच्या वापरकर्त्याचा ‘डेमो’ आणि अ‍ॅडमिनचा ‘रूट’, दोन्ही रोमन लहान अक्षरांत.

५१२ एमबी ते १ जीबी: प्रोसेसर ३२ बिट असेल तर अँटिक्स २३ ची ३२ बिट बेस आवृत्ती, किंवा पपी लिनक्स. अँटिक्सच्या ३२ बिट कर्नलला पीएई (३२ बिट प्रोसेसरची जास्त रॅम वापरण्याची क्षमता) लागत नाही, ही मोठी सोय आहे. पेंटियम एमचे सुरुवातीचे लॅपटॉप पीएई असल्याचं सांगतच नाहीत, म्हणून बाकीच्या बऱ्याच डिस्क तिथे अडतात. अशा डिस्कला बूटच्या ओळीत (ती कशी उघडायची ते खाली काळ्या स्क्रीनच्या प्रश्नात आहे) ‘फोर्सपीएई’ (रोमन अक्षरांत, सलग) जोडलं तर त्यातल्या बऱ्याच मशीनवर काम होतं.

२५६ एमबी किंवा त्याहून कमी: टायनी कोअर. ग्राफिकल आवृत्ती २५ एमबीच्याही आत आहे. वाय-फाय हवं असेल तर त्यातली कोअरप्लस घ्या, कारण साध्या आवृत्तीत वाय-फायची साधनं नसतात. टायपिंग, जुन्या फायली काढणं, हार्ड डिस्क तपासणं एवढीच अपेक्षा ठेवा. या रॅमवर आजची वेबसाइट उघडणार नाही, सिस्टिम कितीही हलकी असो.

उबुंटू किंवा मिंट का नको?

४ जीबी आणि एसएसडी असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती जरूर चालवा. त्याखालच्या मशीनवर लाइव्ह चालवताना डेस्कटॉप येईपर्यंतच रॅम भरते आणि ब्राउझर उघडला की मशीन गोठतं.

पपी आणि अँटिक्समध्ये फरक काय?

पपी २००३ मध्ये बॅरी कॉलर यांनी सुरू केलं. त्याची कल्पना साधी: सगळी सिस्टिम एकदाच रॅममध्ये चढवायची आणि डिस्क बाजूला काढायची. ज्या मशीनची हार्ड डिस्क मेली आहे त्यावर पपीइतकं चपळ दुसरं काही वाटत नाही. फोसापप६४ ९.५ (६४ बिटची) सुमारे ४१० एमबीची आहे, म्हणजे ७०० एमबीच्या साध्या सीडीवर मावते. डीव्हीडी न वाचणारा जुना ड्राइव्ह असेल तर हे निर्णायक ठरतं, कारण अँटिक्सच्या फुल आणि बेस दोन्हींना डीव्हीडी लागते. मात्र फोसापप २०२० ची आहे, त्यामुळे इंटरनेटसाठी तिच्यातला ब्राउझर आधी अपडेट करा. नवीन हवं आणि डीव्हीडी चालत असेल तर डेबियन १२ च्या पॅकेजांवरची बुकवर्मपप.

पपीत तुम्ही सतत अ‍ॅडमिन, म्हणजे रूट, म्हणून काम करत असता. फायली वाचवायला हे सोयीचं आहे. ज्या मशीनवर मुलं बसणार आहेत किंवा रोज बँकेचं काम होणार आहे तिथे मात्र अँटिक्स बरं. तिथे वेगळा वापरकर्ता असतो आणि सुरक्षा अपडेट डेबियनमधून नियमित येतात.

सीडी, डीव्हीडी की पेनड्राइव्ह?

मशीन पेनड्राइव्हवरून बूट होत असेल तर पेनड्राइव्ह. वेग जास्त, आणि काम त्याच्यावरच सेव्ह करता येतं. ८ किंवा १६ जीबीचा घ्या. फार मोठे ड्राइव्ह जुन्या बायोसना झेपत नाहीत. डेस्कटॉपवर मागच्या बाजूचा, मदरबोर्डला थेट जोडलेला पोर्ट वापरा. पुढच्या पोर्टची वायर सैल असणं फार सर्रास आहे.

डिस्कच वापरायची असेल तर कोरी डीव्हीडी-आर घ्या आणि बर्न करताना सगळ्यात जास्त वेग निवडू नका. ४एक्स किंवा ८एक्स ठेवा. जुन्या ड्राइव्हची लेसर मंद झालेली असते आणि घाईने लिहिलेली डिस्क तिला नीट वाचता येत नाही. ‘कॉम्बो ड्राइव्ह’ असं लिहिलं असेल तर तो डीव्हीडी वाचतो पण लिहीत नाही, म्हणून बर्निंग दुसऱ्या मशीनवर करा.

डिस्क बनवताना सगळ्यात जास्त काय चुकतं?

आयएसओ फाइल नेहमीच्या फाइलसारखी डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर कॉपी केली जाते. डिस्क उघडून पाहिली आणि आत एकच आयएसओ फाइल दिसली, तर चुकलं. आत बरेच फोल्डर दिसायला हवेत. विंडोज ७ आणि पुढे आयएसओवर राइट क्लिक करून ‘बर्न डिस्क इमेज’ निवडा. पेनड्राइव्हसाठी रूफस हा मोफत प्रोग्रॅम चालवा, पार्टिशन स्कीम एमबीआर (जुन्या बायोसला चालणारी) ठेवा. रूफस ४ विंडोज ७ वर चालत नाही, तिथे ३.२२ वापरा. बर्न करणारं प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरचं सगळं पुसतं, त्यामुळे आतलं आधी काढून घ्या.

अँटिक्स किंवा एमएक्सचा पेनड्राइव्ह बनवताना रूफसने विचारलं तर डीडी मोड (आयएसओ जशीच्या तशी लिहिणारा) निवडा. असा पेनड्राइव्ह बूट होतो, पण त्यावर काम सेव्ह होत नाही. म्हणून त्यावरून मशीन चालू करायचं, दुसरा पेनड्राइव्ह लावायचा आणि आतल्याच ‘लाइव्ह यूएसबी मेकर’ने खरा, सेव्ह होणारा पेनड्राइव्ह तयार करायचा. हे दोन टप्प्यांचं काम आहे, पण टाळू नका.

आणि डाउनलोड तपासा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून उतरवलेली दीड-दोन जीबीची फाइल अर्धवट राहण्याची शक्यता मोठी. सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक, सीआरसी-एसएचए, मग एसएचए-२५६. येणारा लांब आकडा संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळला पाहिजे. बूट होताना ‘स्क्वॉशएफएस एरर’ दिसला तर दोष सिस्टिमचा नाही, खराब फाइलचा किंवा खराब डिस्कचा असतो.

मशीन डिस्कवरून चालूच होत नाही, सरळ विंडोज येतं. काय करायचं?

चालू करताच बूट मेनूचं बटण टकटक दाबत राहा. डेल, तोशिबा, लेनोव्हो आणि गिगाबाइट बोर्डवर बहुधा एफ१२. एचपीवर आधी एस्केप, मग एफ९. आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप, बोर्डवर एफ८. एमएसआय आणि अ‍ॅसरॉक एफ११. इंटेलच्या स्वतःच्या बोर्डवर एफ१०. एसरच्या लॅपटॉपवर एफ१२ चालत नसेल तर एफ२ ने बायोसमध्ये जाऊन ‘एफ१२ बूट मेनू’ आधी चालू करावा लागतो.

जुन्या अवॉर्ड आणि एएमआय बायोसमध्ये एक खोच आहे. पेनड्राइव्ह ‘रिमूव्हेबल’ यादीत शोधून सापडत नाही, कारण तो ‘हार्ड डिस्क ड्राइव्ह्ज’ या आतल्या यादीत हार्ड डिस्कच्या खाली बसलेला असतो. तिथे त्याला वर आणा, तरच बूट यादीत त्याचं नाव येतं. शिवाय मशीन चालू करण्याआधीच पेनड्राइव्ह लावलेला हवा.

यूएसबी बूट मुळातच नसेल तर प्लॉप बूट मॅनेजर सीडीवर लिहा. मशीन सीडीवरून चालू होतं, मग प्लॉपच्या मेनूत यूएसबी निवडायचं.

बूट सुरू होतं, पण स्क्रीन काळी पडते.

मेनूवर असतानाच ‘सेफ व्हिडिओ’ किंवा ‘फेलसेफ’ असा पर्याय शोधा. तो नसेल तर टॅब (किंवा ग्रब नावाचा बूट मेनू असेल तर ई) दाबून बूटच्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून ‘नोमोडसेट’ रोमन अक्षरांत सलग लिहा. रेझोल्यूशन कमी येईल, पण चित्र येईल. एसआयएस आणि व्हीआयए ग्राफिक्स असलेल्या बोर्डवर हे बऱ्याचदा लागतं.

‘टूरॅम’ म्हणजे काय?

बूटच्या ओळीत हा शब्द टाकला की अख्खी डिस्क आधी रॅममध्ये उतरते. सुरुवात काही मिनिटं लांबते, पुढे सगळं झटपट, आणि डिस्क बाहेर काढता येते. यासाठी आयएसओच्या आकाराहून निदान १ जीबी जास्त रॅम हवी.

मशीन चालतं, पण ब्राउझर रखडतो. याहून हलकी सिस्टिम आहे का?

असली तरी उपयोग नाही. सिस्टिम शंभर-दोनशे एमबी वाचवेल, आणि एक वर्तमानपत्राचं पान तेवढी रॅम सहज खाईल. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन फायरफॉक्समध्ये टाका, एका वेळी दोन-तीनच टॅब उघडा. यूट्यूब कोअर २ ड्युओवर अडखळतं, कारण साइट नव्या पद्धतीचा व्हिडिओ पाठवते आणि तो उलगडायची सोय त्या ग्राफिक्समध्ये नाही. ‘एच२६४इफाय’सारखं एक्स्टेन्शन टाकून ४८० पिक्सेलवर पाहिलं तर फरक लगेच दिसतो.

पेंटियम ३ आणि अ‍ॅथलॉन एक्सपीवर आजचा फायरफॉक्स उघडणारच नाही, कारण त्यांच्यात एसएसई२ सूचना नाहीत. ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ असा संदेश आला की कारण हेच.

सगळ्या साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणतात.

घड्याळ बघा. वर्षानुवर्षं पडून असलेल्या मशीनची सीमॉस बॅटरी मेलेली असते, तारीख २००२ किंवा २००५ वर जाते, आणि साइटचं प्रमाणपत्र त्या तारखेला अस्तित्वातच नसल्याने ब्राउझर नकार देतो. तात्पुरती तारीख बरोबर करा. कायमचा उपाय म्हणजे मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी बदलणं. ती बदलल्यावर बायोसमध्ये बूटचा क्रम पुन्हा लावायला विसरू नका.

वाय-फाय दिसत नाही.

अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लिनक्सला ते केबलच्या इंटरनेटसारखं दिसतं आणि सहसा लगेच चालतं. मग उरलेलं फर्मवेअर (कार्डला लागणारा छोटा प्रोग्रॅम) उतरवता येतं. ब्रॉडकॉमच्या जुन्या कार्डांना ते हमखास लागतं. कार्ड चालतं पण घरचं नेटवर्क यादीत नाही, असं असेल तर राउटर बहुधा फक्त ५ गिगाहर्ट्झवर किंवा डब्ल्यूपीए३ वर आहे, २.४ गिगाहर्ट्झ आणि डब्ल्यूपीए२ चालू करा.

मराठी वाचता आणि टाइप करता येईल का?

येईल. अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर फक्त फाँट नाही एवढाच अर्थ. अँटिक्स आणि एमएक्समध्ये सिनॅप्टिक (प्रोग्रॅम बसवण्याचं साधन) उघडून लोहित देवनागरी किंवा नोटो फाँटचं पॅकेज बसवा. टायपिंगसाठी आयबस आणि त्याचं एम१७एन पॅकेज घ्या. त्यात मराठी इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही मिळतात. हे सगळं सेव्ह होणाऱ्या पेनड्राइव्हवर करा, नाहीतर प्रत्येक वेळी पुन्हा करावं लागेल.

श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या जुन्या फायली मात्र इथे अगम्य रोमन अक्षरांसारख्या दिसतील. तो मजकूर युनिकोडमध्ये नाही. विंडोज अजून चालू असेल तर तिथेच युनिकोडमध्ये बदलून घ्या, मग इकडे या.

बंद पडलेल्या विंडोजमधल्या फायली काढता येतील?

बहुतेक वेळा हो. फाइल मॅनेजरमध्ये डाव्या बाजूला विंडोजचं पार्टिशन दिसतं. ते उघडा आणि ‘यूजर्स’ फोल्डरमधून हवं ते बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं उघडलं तर विंडोज ८ किंवा १० ‘फास्ट स्टार्टअप’मध्ये अर्धवट झोपलेलं आहे. कॉपी करायला तेवढं पुरतं, जबरदस्तीने लिहायला जाऊ नका. डिस्क टकटक आवाज करत असेल तर सगळ्यात महत्त्वाचं आधी काढा, पूर्ण डिस्क कॉपी करण्याच्या मागे लागू नका.

प्रिंटर चालेल का?

एचपी लेझरजेट १०२० चालतो, पण त्याला प्रत्येक वेळी फर्मवेअर चढवावं लागतं. एचपीलिपचं (एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचं) प्लगइन बसवल्यावर ते आपोआप होतं. कॅननचा एलबीपी २९०० कॅप्ट ही कंपनीची स्वतःची पद्धत वापरतो आणि लिनक्सवर तो फार कटकट करतो. दुकान किंवा कार्यालय त्याच प्रिंटरवर चालत असेल तर ते मशीन विंडोजवरच राहू द्या.

थोडे पैसे घालायचे तर कशात?

आधी रॅम, मग एसएसडी. जी३१ चिपसेटच्या बोर्डवर डीडीआर२ची कमाल ४ जीबी बसते. जी४१च्या डीडीआर३ बोर्डवर ४ जीबीची पट्टी घेताना दोन्ही बाजूंना आठ-आठ, म्हणजे एकूण सोळा चिप असलेलीच मागा. एकाच बाजूला आठ चिप असलेली ४ जीबीची पट्टी तो चिपसेट ओळखत नाही, आणि दुकानात ‘रॅम खराब आहे’ असं सांगून ती परत घ्यायला लावण्यात उगाच फेऱ्या होतात.

रॅम बदलल्यावर मशीन नुसतं बीप करत राहिलं तर पट्टी काढून सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबरने हलक्या पुसा, कण झटका, आणि दोन्ही बाजूंच्या क्लिपा ‘टक’ वाजेपर्यंत दाबून बसवा.

कधी सोडून द्यावं?

कॅबिनेट उघडून प्रोसेसरच्या आजूबाजूचे कपॅसिटर बघा. त्यांची डोकी फुगली असतील किंवा तपकिरी चिकट डाग असेल, तर लाइव्ह डिस्क मधेच गोठेल, मशीन आपोआप रीस्टार्ट होईल, आणि कोणतीही सिस्टिम बदलून ते थांबणार नाही. तसा बोर्ड दिसला की हार्ड डिस्क आणि रॅम काढून घ्या आणि उरलेलं ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.